राजपुत्र वारले, नाणं चालत राहिलं

१८४२ मध्ये कोइंबतूरजवळच्या वेल्लालूरला चांदीची ५२२ रोमन नाणी एकत्र सापडली. पुढे त्याच टापूत बुदिनत्तमला सुमारे १,४०० मिळाली. तेलंगणात, नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लीला १,५०० च्या वर. या साठ्यांच्या याद्या ओळीने वाचायला घेतल्या की पाच-दहा मिनिटांत जांभई येते, कारण पुन्हा पुन्हा तीच दोन नाणी समोर येतात. एकावर सम्राट ऑगस्टसचा चेहरा आणि मागे ढालींशेजारी उभे असलेले दोन तरुण. दुसऱ्यावर त्याच्यामागून आलेल्या टायबेरियसचा चेहरा आणि मागे आसनावर बसलेली एक बाई. अधूनमधून एखादं वेगळं निघतं, पण ते अपवादालाच.

ही जांभई सोडून देण्यासारखी नाही. रोमच्या टांकसाळींनी चांदीवर काय काय उमटवलं नव्हतं! सीझरचा हत्ती, मार्क अँटनीची वल्ह्यांची गलबतं, दोन घोड्यांचे रथ, ब्रूटसचे खंजीर, इजिप्त जिंकल्यावर ऑगस्टसने काढलेली मगर. दीड-दोनशे वर्षांत शेकडो ठसे झाले, आणि त्यातली कितीतरी जुनी नाणी पहिल्या शतकातही इटलीच्या बाजारात फिरत होती. मग समुद्र ओलांडून दक्षिण हिंदुस्थानात येऊन पुरली गेली ती मुख्यतः ही दोनच कशी? या लेखात पहिल्याचं, म्हणजे दोन तरुणांच्या नाण्याचं प्रकरण उलगडून पाहू. दुसरं मधूनमधून डोकावेलच. त्याला टाळता येत नाही.

हातात घेतलं तर

नाव डिनारियस. वजन पावणेचार-चार ग्रॅमच्या आसपास. २०११ नंतरच्या मालिकेतला आपला स्टीलचा एक रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे, म्हणजे तळहातावर भार साधारण तेवढाच. आकार मात्र थोडा लहान आणि जाडी जास्त. चांदी जवळजवळ शुद्ध. एका रोमन पौंड चांदीतून अशी ८४ पाडायची हा त्या वेळचा दंडक होता. सोन्याच्या एका ऑरियसला हे २५ लागत. सैन्यातल्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार होता २२५ डिनारियस.

दर्शनी बाजूला ऑगस्टस, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. तेव्हा तो साठीचा होता, पण नाण्यावर एकही सुरकुती नाही. हा माणूस पन्नास वर्षं नाण्यांवर म्हातारा झालाच नाही. भोवती अक्षरं: सीझर ऑगस्टस, देवत्व पावलेल्याचा पुत्र, पितृभूमीचा पिता. देवत्व पावलेला म्हणजे ज्युलियस सीझर. शेवटची पदवी ऑगस्टसला इ.स.पू. २ मध्ये ५ फेब्रुवारीला मिळाली, म्हणून हे नाणं त्याच्या आधीचं असू शकत नाही. नाण्याचा काळ ठरवण्याची ही सगळ्यात सोपी युक्ती: पदव्या वाचायच्या.

खरी गंमत मागच्या बाजूला आहे. टोगा हे रोमन वस्त्र पांघरलेले दोघे समोरासमोर नव्हे, तर आपल्याकडे तोंड करून उभे आहेत. दोघांच्या मध्ये दोन गोल ढाली टेकवलेल्या, ढालींच्या मागे दोन भाले. वर, मोकळ्या जागेत, दोन चिमुकल्या वस्तू. एक पळी आणि एक टोकाला वळलेली काठी. पळी म्हणजे अक्षरशः आपल्या पळी-पंचपात्रातल्यासारखी, देवाला द्राक्षासव अर्पण करायची. वळलेली काठी पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची. तिने तो आकाशाचे भाग पाडायचा. पळी थोरल्याची, तो पोंतिफेक्स नावाच्या पुरोहितमंडळात होता. काठी धाकट्याची, तो शकुन पाहणाऱ्यांत. भोवतीचा मजकूर एवढा लांब की अक्षरं दाटीवाटीने कडेला चिकटलेली: गायस आणि ल्युशियस सीझर, ऑगस्टसचे पुत्र, नियुक्त कॉन्सल (म्हणजे रोमच्या वर्षभराच्या सर्वोच्च पदासाठी नेमलेले), तरुणांचे अग्रणी.

ढाली-भाल्यांचा खुलासा खुद्द ऑगस्टसने करून ठेवला आहे. आपल्या कारकिर्दीचा जो जमाखर्च त्याने मृत्यूपूर्वी लिहून ठेवला, त्यात तो सांगतो की रोमच्या सरदारवर्गाने माझ्या दोन्ही मुलांना चांदीच्या ढाली आणि भाले भेट देऊन ‘तरुणांचे अग्रणी’ म्हटलं. म्हणजे नाण्यावरची शस्त्रं लढाईची नाहीत, समारंभाची आहेत. चांदीच्या नाण्यावर चांदीच्या ढाली.

तराजूने विकत घेतलेली मुलं

ऑगस्टसला मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी ज्युलिया, तिचं लग्न त्याने आपला जिवलग सेनापती अग्रिप्पाशी लावलं. त्यांना इ.स.पू. २० मध्ये गायस झाला आणि इ.स.पू. १७ मध्ये ल्युशियस. धाकटा झाल्याबरोबर आजोबांनी दोन्ही नातवांना दत्तक घेतलं. स्वेटोनियस हा चरित्रकार सांगतो की हे दत्तविधान घरच्या घरी, जुन्या रोमन रिवाजाने झालं: तराजू आणि तांब्याचं नाणं पुढे ठेवून, बापाकडून मुलं ‘विकत’ घेऊन. पुढे ज्यांची चित्रं नाण्यांवर चढणार होती, ती मुलं आधी नाण्याच्या खणखणाटात हस्तांतरित झाली होती. याहून चपखल सुरुवात कादंबरीकारालाही सुचली नसती.

मग त्यांना वाढवणं, मिरवणं सुरू झालं. इ.स.पू. ५ मध्ये गायसने प्रौढांचा टोगा घातला, तेव्हा त्याला सर्वांसमोर आणण्यासाठी ऑगस्टसने स्वतः पुन्हा कॉन्सलपद घेतलं, इ.स.पू. २ मध्ये ल्युशियससाठी तेच. पोरं पंधरा वर्षांची असतानाच पुढच्या कॉन्सलपदावर त्यांची नावं लिहून टाकली गेली. आजच्या फ्रान्समधल्या नीममध्ये अजून जवळपास अखंड उभं असलेलं रोमन मंदिर या दोघांना अर्पण केलेलं आहे. या सगळ्या तयारीचा जो भाग खिशात मावेल एवढा करता येत होता, तो म्हणजे हे नाणं.

ऑगस्टसचं एक पत्र आजवर टिकलं आहे. इ.स. १ मध्ये २३ सप्टेंबरला, आपल्या वाढदिवशी त्याने गायसला लिहिलेलं. सुरुवातीलाच तो नातवाला ‘माझ्या लाडक्या गाढवा’ म्हणतो. मग सांगतो की त्रेसष्टावं वर्ष, म्हाताऱ्यांना धोक्याचं असतं ते, एकदाचं पार पडलं. आणि उरलेलं आयुष्य तुम्ही दोघे माझी जागा घ्यायला तयार होत असताना सुखात जावं. नाण्यावरचा सुरकुती नसलेला सम्राट आणि हा थकलेला आजोबा, दोघे एकच. पत्र वाचल्यावर मागच्या बाजूची ती दोन ताठ उभी पोरं वेगळी दिसायला लागतात.

ल्युशियस इ.स. २ मध्ये स्पेनला जाताना मार्सेयला वारला. गायस पूर्वेच्या मोहिमेवर होता. आर्मेनियात एका किल्ल्यापाशी त्याला जखम झाली, ती बरी झालीच नाही, आणि इ.स. ४ च्या फेब्रुवारीत परतीच्या वाटेवर आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, लिमिरा इथे तो गेला. ज्या दोघांना नाण्याने वारस म्हणून जाहीर केलं होतं, ते ठसा सुरू झाल्यापासून पाच-सहा वर्षांत संपले होते.

टांकसाळीने हा ठसा नक्की कधी थांबवला यावर नाणेशास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. काही जण म्हणतात, गायसच्या मृत्यूबरोबर. काही म्हणतात, त्यानंतरही बरीच वर्षं चालू होता. मला दुसरं मत पटतं, कारण टिकलेली नाणी आणि त्यांतले ठशांचे फरक इतके आहेत की सहा वर्षांत ते मावणं कठीण वाटतं. पळी डावीकडे की उजवीकडे, काठीचं वळण कुठल्या दिशेला, एवढ्यावरूनच अभ्यासकांनी त्याचे पोटप्रकार पाडले आहेत.

लियाँहून निघालेलं

नाणं पाडलं जात होतं लुग्दुनुमला, म्हणजे आजच्या लियाँला. रोमपासून इतक्या लांब टांकसाळ ठेवण्यामागे हिशेब होता. ऱ्हाइन नदीवर बसलेल्या फौजांचे पगार तिथून भागवणं सोयीचं होतं. म्हणजे या चित्राचा पहिला प्रेक्षक होता सरहद्दीवरचा शिपाई, ज्याच्या निष्ठेवर उद्याच्या वारसाचं सगळं अवलंबून. त्याला लॅटिन वाचता येत नसलं तरी दोन पोरं, दोन ढाली, दोन भाले कळत होते.

त्या शिपायांपैकी बरेच इ.स. ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात मारले गेले, सेनापती व्हारुससह तीन लीजन, म्हणजे रोमन फौजेच्या मोठ्या पलटणी. उत्तर जर्मनीत काल्क्रीझ इथे जे रणांगण खोदून काढलं आहे, तिथे हीच गायस-ल्युशियसची नाणी मोठ्या संख्येने मिळाली, आणि ही तीच लढाई हे ठरवताना ती महत्त्वाचा पुरावा ठरली. एकच ठसा: एक टोक लोअर सॅक्सनीच्या दलदलीत, दुसरं कोइंबतूरच्या शेतात. पहिल्या टोकाला तो मेलेल्या शिपायांच्या कमरेच्या थैलीतून पडला. दुसऱ्या टोकाला कोणीतरी तो मोजून, सांभाळून पुरला.

त्या दुसऱ्या टोकापर्यंतचा रस्ता बऱ्यापैकी माहीत आहे. नेपल्सजवळच्या बंदरातून अलेक्झांड्रिया, नाईलने वर कोप्टोस, तिथून उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके, आणि मग नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर थेट केरळचं मुझिरिस. या रस्त्यात एक अडचण होती. इजिप्त रोमच्या ताब्यात असलं तरी तिथे डिनारियस चालत नव्हतं. त्या प्रांताचं वेगळं, हलक्या चांदीचं नाणं होतं. म्हणजे व्यापाऱ्याला हिंदुस्थानसाठीची नाणी इटलीतून मुद्दाम निवडून, बांधून न्यावी लागत. वाटेत सुटे म्हणून मिळतील असं नव्हतं. ‘निवडून’ हा शब्द पुढे कामाला येईल.

मुझिरिसहून पालघाटच्या खिंडीतून आत शिरलं की कोइंबतूर, करूर, कोडुमणल. पडियूरच्या खाणीतला वैडूर्य, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या रंगाचा बेरिल, याच पट्ट्यातून जायचा. रोमन नाण्यांचे साठे नेमके या वाटेवर दाट आहेत. मिरीचं तर विचारूच नका. प्लिनी या रोमन लेखकाने रोममधले भाव दिले आहेत: काळी मिरी पौंडाला चार डिनारियस. म्हणजे आपलं हे एक नाणं टाकलं की रोममध्ये सुमारे ऐंशी ग्रॅम मिरी. तोच प्लिनी रडगाणं गातो की हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे सव्वा कोटी डिनारियस गिळतो. प्लिनीला चैनीचा मनापासून तिटकारा होता, तेव्हा हा आकडा जकात नाक्याच्या वहीतला म्हणून घेऊ नये. पण तक्रार करण्याजोगी चांदी जात होती एवढं खरं.

गायसचं पाहा. पूर्वेच्या मोहिमेवर निघालेल्या त्या पोरासाठी ज्युबा या विद्वान राजाने अरबस्तानावर एक ग्रंथच लिहून दिला होता. अरबस्तान त्याला धड पाहायलाही मिळालं नाही. त्याचं नाणं मात्र अरबस्तान ओलांडून पलीकडे गेलं.

हेच का?

आता मूळ प्रश्न. सगळ्यात साधं उत्तर असं की, ही नाणी पाडलीच भरमसाट, म्हणून सापडतात भरमसाट. यात तथ्य आहे, पण ते पुरत नाही. पहिल्या शतकात इटलीच्या बाजारात फिरणाऱ्या चांदीत सम्राटांच्या आधीच्या, जुन्या गणराज्याच्या काळातल्या नाण्यांचं प्रमाण मोठं होतं, पाँपेईत इ.स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली सापडलेल्या थैल्यांतही ती भरपूर आहेत. व्यापाऱ्याने समोर आलेली मूठ उचलून जहाजात टाकली असती, तर कोइंबतूरच्या साठ्यांत ती त्याच प्रमाणात उतरायला हवी होती. केरळातल्या काही साठ्यांत ती थोडीफार आहेत, इतरत्र मोजकीच. मार्क अँटनीची गलबतवाली नाणी तर रोमन जगात दोनशे वर्षं फिरत राहिली, पण इकडे ती क्वचितच दिसतात. अँटनीने त्यात चांदी कमी घातली होती, आणि इकडच्या पारख्यांना ते कळत होतं असं दिसतं.

दुसरं उत्तर वजन-कसाचं. इ.स. ६४ मध्ये नीरोने डिनारियसचं वजन घटवलं, पौंडातून ८४ ऐवजी ९६ काढायला सुरुवात केली, आणि चांदीची शुद्धताही खाली आणली. त्यानंतर हिंदुस्थानात नवी नाणी नको होती, जुनी वजनदार हवी होती, म्हणून ऑगस्टस-टायबेरियसची वेचून पाठवली गेली, असं एक मत. विरुद्ध मत असं की ही चांदी बहुतेक टायबेरियसच्याच काळात आली. पुढच्या सम्राटांची नाणी साठ्यांत जवळजवळ नाहीतच. पण कॅलिगुला आणि क्लॉडियस यांनी चांदी पाडलीच कमी, तेव्हा त्यांच्या गैरहजेरीवरून फार काही सिद्ध होत नाही.

या वादात मला एक गोष्ट खटकते. फक्त वजनाने आणि कसानेच घ्यायचं असतं, तर गणराज्याची चांगली जुनी नाणीही तितकीच चालली असती. त्यांचं मूळ वजन तेच आणि चांदीही शुद्ध. यावर एक उत्तर आहे की शंभर-दीडशे वर्षं हातोहाती फिरून ती झिजली होती. ठीक. पण झिजलेलं नाणं तराजूत टाकून पैसे धरता येतातच, सराफाला ते नवं नाही. मला वाटतं, इथे तराजूबरोबर डोळाही काम करत होता. गणराज्याची चित्रं दरवर्षी बदलत. दर टांकसाळ-अधिकारी आपल्या घराण्याची टिमकी वाजवणारं नवं चित्र काढायचा, त्यामुळे शंभर नाण्यांत साठ चित्रं. इकडच्या व्यापाऱ्याला, ज्याला लॅटिनचं एक अक्षर येत नाही, त्यातलं खरं कोणतं नि मुलामा दिलेलं तांबं कोणतं, हे ओळखणार कसं? उलट दोन पोरांचं नाणं म्हणजे हजारोंनी तेच. एकदा दहा-वीस कापून, घासून खात्री झाली की पुढची दिसली तरी पुरे. भाषा न येणाऱ्याला सारखेपणा हीच हमी.

या प्रकारची सवय हिंदुस्थानची एकट्याची नव्हती. टॅसिटस हा रोमन इतिहासकार जर्मन टोळ्यांबद्दल लिहितो की त्यांना जुनी, चांगली ओळखीची नाणी आवडतात: दातेरी कडेची आणि दोन घोड्यांच्या रथाची. त्यांची पसंती वेगळ्या ठशाला, वागणं मात्र तेच.

पण सावध राहायला हवं, कारण याच्या बरोबर उलटी साक्ष श्रीलंकेतून येते, आणि तीही प्लिनीकडूनच. अॅनियस प्लोकामस नावाच्या माणसाने तांबड्या समुद्रावरच्या करवसुलीचा ठेका घेतला होता. त्याचा एक मुक्त केलेला गुलाम वाऱ्याने भरकटत श्रीलंकेला पोचला. तिथल्या राजाने त्याच्याजवळची नाणी पाहिली आणि रोमनांच्या सचोटीचं त्याला कौतुक वाटलं, कारण वेगवेगळ्या चेहऱ्यांवरून ती वेगवेगळ्या राजांनी पाडलेली दिसत होती, तरी वजन सगळ्यांचं सारखं! म्हणजे या राजाला चित्रांचा फरक अडचणीचा वाटला नाही, उलट तोच पुरावा वाटला. प्लोकामस काल्पनिक नाही; इजिप्तच्या वाळवंटातल्या त्याच व्यापारी वाटेवर, एका खडकाच्या आडोशाला त्याच्या गुलामाने कोरलेला लेख सापडला आहे, आणि त्यावरची तारीख इ.स. ६ ची निघते, गायस वारल्यानंतर दोनच वर्षांची. गोष्टीत प्लिनीने रोमची फुशारकी मिसळली असणार. तरी नाणी तोलली जात होती आणि चेहरेही न्याहाळले जात होते, दोन्ही एकाच वेळी, हे त्यातून नक्की दिसतं.

चेहऱ्यावर छिन्नी

न्याहाळून झाल्यावर काय व्हायचं? तमिळनाडूत पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सोन्याची ५०१ रोमन नाणी मिळाली. त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर आडवा छिन्नीचा घाव आहे. चांदीच्या काही नाण्यांवरही असे काप दिसतात. का, यावर तर्क अनेक. आत तांबं आहे का पाहण्यासाठी, हा एक. पण तपासायचं तर कडेला कापलं तरी चालतं. नेमका चेहराच का? दुसरा तर्क असा की परक्या राजाचा चेहरा रद्द करून नाण्याचा धातू करायचा होता, म्हणजे ते पुन्हा चलन म्हणून बाहेर जाऊ नये. दोन्ही कारणं वेगवेगळ्या ठिकाणी खरी असू शकतात.

काहींनी चेहरा कापला, काहींनी त्याची नक्कल केली. गायस-ल्युशियसच्या नाण्याच्या हिंदुस्थानी नकला मिळतात. त्यांत कोरणाऱ्याने चित्र बऱ्यापैकी साधलं आहे, अक्षरांचं मात्र खोबरं झालंय: काड्या, ठिपके, वर्तुळं. त्याच्या दृष्टीने ती अक्षरं नव्हतीच, कडेची नक्षी होती. ‘नियुक्त कॉन्सल’ गळून पडलं, ‘ऑगस्टसचे पुत्र’ गळून पडलं, दोन माणसं तेवढी उरली.

आपल्याला हे परकं वाटायला नको. पुतळीमाळ आठवा. आजीच्या गळ्यातल्या त्या सोन्याच्या चकत्यांना पुतळी म्हणतात ते व्हेनिसच्या डकॅट नाण्यावरून. त्यावर एका बाजूला संत मार्क उभा, त्याच्यापुढे व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला सत्ताप्रमुख, गुडघ्यावर, मध्ये निशाणाची काठी. कोण संत, कोण डोज, इथे कुणाला पडलेलं नव्हतं. दोन पुतळ्या दिसल्या, सोनं चोख निघालं, नाव पडलं पुतळी. त्याच्याही नकला झाल्या, त्यांतलीही अक्षरं विरघळली. दीड हजार वर्षांचं अंतर आहे, पण दोन माणसं आणि मध्ये उभी काठी असलेलं परदेशी नाणं आपल्याकडे दोनदा विश्वासाचं ठरलं. योगायोग असेल. मला तो मजेचा वाटतो, एवढंच.

रोमन नाणी दागिने म्हणूनही वापरात होतीच. मराठवाड्यातल्या तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्यांवरून केलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत, गळ्यात घालायच्या. ज्याला चांदीचं परवडत नव्हतं, त्याने मातीचा सम्राट गळ्यात घातला.

मग आपल्याकडे का नाहीत?

तेरला मातीच्या चकत्या आहेत, पण महाराष्ट्रात कोइंबतूरसारखे डिनारियसचे ढीग निघत नाहीत. व्यापार नव्हता म्हणून? मुळीच नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच, कल्याण, सोपारा सगळं आहे. पैठण-तेरचा माल बैलगाड्यांवरून भडोचला उतरत होता. तीच मार्गदर्शिका सांगते की भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी आणावीत, स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यावर नफा सुटतो. म्हणजे नाणी येत होती. फक्त ती टिकली नाहीत.

कारण या बाजूला स्वतःचं चांदीचं नाणं होतं. क्षहरात घराण्याचा क्षत्रप, म्हणजे राजा, नहपान इथे चांदी पाडत होता, आणि त्याला धातू हवा होता. रोमन डिनारियस वितळून त्याची नाणी झाली असावीत असा अंदाज आहे, आणि तो मला रास्त वाटतो. दख्खनला स्वतःची चांदीची खाण नाही. तमिळ प्रदेशात त्या वेळी तोलामोलाची अशी चांदीची टांकसाळ नव्हती, म्हणून तिथे दोन पोरं जशीच्या तशी राहिली. इकडे ती मुशीत गेली आणि नहपानाचा चेहरा होऊन बाहेर आली. त्या चेहऱ्याच्या धाटणीत रोमन वळण दिसतं, असं अनेकांचं निरीक्षण आहे.

त्या चेहऱ्याचं पुढे काय झालं ते नाशिकजवळच्या जोगळटेंभीने दाखवलं. १९०६ मध्ये तिथे नहपानाची चांदीची सुमारे १३,२५० नाणी मिळाली. त्यातल्या ९,२७० च्या आसपास नाण्यांवर नहपानाचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला आहे: चैत्य आणि उज्जैनी चिन्ह, थेट शत्रूच्या नाकाडोळ्यांवर. पुदुकोट्टईच्या छिन्नीत राजकारण होतं की पारख, यावर वाद घालता येईल. जोगळटेंभीत वादाला जागा नाही.

शब्द मात्र टिकला. डिनारियसचा संस्कृतात ‘दीनार’ झाला आणि गुप्तांच्या काळात तो सोन्याच्या नाण्याला लागला. नाणं चांदीचं, नाव सोन्याला. बाजारात असं होतं.

एकाच मडक्यात

आता ते दुसरं नाणं, बसलेल्या बाईचं. दर्शनी बाजूला टायबेरियस: लांब नाक, आवळलेले ओठ. मागच्या बाईला कुणी शांतिदेवता म्हणतं, कुणी त्याची आई लिव्हिया. तेही लियाँचंच, तेवढंच वजनदार, आणि तेवढंच एकसुरी. बावीस-तेवीस वर्षांच्या राज्यात त्याने चांदीवर चित्र जवळपास बदललंच नाही. हौस नव्हती, किंवा कंटाळा नव्हता. हिंदुस्थानच्या बाजाराला मात्र नेमकं हेच हवं होतं.

टायबेरियस हा ऑगस्टसचा सावत्र मुलगा. अग्रिप्पाच्या मृत्यूनंतर ज्युलियाचं लग्न त्याच्याशी लावलं गेलं, म्हणजे गायस-ल्युशियसचा तो सावत्र बापही. इ.स.पू. ६ मध्ये, ही दोन पोरं पुढे आणली जात असताना, तो सगळी पदं टाकून ऱ्होड्स बेटावर निघून गेला. पोरांच्या वाटेत येऊ नये म्हणून, असं त्याने नंतर सांगितलं. आठ वर्षं तिथे जवळपास अज्ञातवासात होता. तो इ.स. २ मध्ये परतला, त्याच वर्षी ल्युशियस गेला. दोन वर्षांनी गायस गेला. आणि उरलेल्या टायबेरियसला ऑगस्टसने नाइलाजाने दत्तक घेतलं. नाइलाज त्याने लपवलाही नाही. मृत्युपत्राची सुरुवातच अशी की क्रूर दैवाने गायस आणि ल्युशियस हे माझे मुलगे हिरावून नेले, म्हणून टायबेरियस माझा वारस असो.

रोममध्ये हे तिघे एका छपराखाली नांदू शकले नाहीत. कोइंबतूरकडच्या साठ्यांत ते शेजारी शेजारी आहेत: ढालीपाशी उभी असलेली दोन मुलं, आणि त्यांना लागून, त्यांच्यासाठी बाजूला झालेला तो आवळल्या ओठांचा माणूस. वजन सारखं, कस सारखा. ज्याने ती पुरली, त्याने ती एकाच भावात घेतली असणार.